थोरल्या घरच्यांचं नाव

शाळा उघडायची की बंद ठेवायची, यावरून आमच्या गावात त्या साली जेवढी तोंडं वाजली तेवढी पाण्याच्या पाळीवरूनही कधी वाजली नव्हती. मी शाळेची स्वयंपाकीण. एकोणीस वर्षं पोरांना गरम बन आणि चहा देत आले. मार्चमध्ये साथीच्या रोगामुळे शाळा बंद झाली तेव्हा माझी भट्टी थंड पडली, आणि मी कुणाच्या बाजूची हे सांगायलाच नको. तरीही आज सांगायचं आहे ते दुसऱ्या बाजूच्या बाईबद्दल.

अनारकान आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सगळं गाव तिला एजे म्हणायचं, म्हणजे ताई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती मुलगी मॉस्कोत कुठल्याशा कारखान्यात. घरात ती, एक गाय आणि एक सूक्ष्मदर्शक. तो शाळेचाच, मोडला म्हणून शाळेने टाकला होता, तिने घरी नेऊन नीट केला. वर्गात शिरण्याआधी प्रत्येक पोराला हात धुवायला लावायची, रोग येण्याच्या वीस वर्षं आधीपासून. पोरं चेष्टा करायची. मीही करायची.

पण सून म्हणून तिला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. आमच्यात सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही, थोरल्या दिराचं तर नाहीच. तिच्या थोरल्या दिराचं नाव शार्शेन. चौतीस वर्षांत तिने ते कधी उच्चारलं नाही. ‘थोरल्या घरचे’ म्हणायची. एकदा तिच्या वर्गात शार्शेन नावाचा विद्यार्थी आला, तर हजेरीला ती ‘एकोणीस नंबर’ म्हणून हाक मारी. दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत तो बिचारा एकोणीस नंबरच राहिला. दीर समोर आले की ती मान खाली घालून, जरा बाजूला वळून उभी राहायची. एवढी शिकलेली बाई, पण रीत म्हणजे रीत.

ऑगस्टच्या शेवटी जिल्ह्यावरून निरोप आला की पालक आणि शिक्षक सह्या करत असतील तर लहान गावांनी शाळा उघडायला हरकत नाही. शाळेच्या पटांगणात सभा भरली. खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या; माणसं आली आणि गप्पा मारायला त्या ओढून जवळ घेतल्या. शार्शेन बोलायला उभे राहिले. त्यांच्या घरात सात नातवंडं आणि एक जुनाट फोन, आणि त्या फोनला टेकडीवर चढल्याशिवाय धडे उघडण्याएवढी रेंज येत नाही. अभ्यास टेकडीचा होतो, पोरं नुसती घसरतात, असं म्हणाले तेव्हा सगळे हसले. मेंढ्यांचा बाजार भरतो, लग्नं लागतात, मग रोगाला फक्त शाळेचाच पत्ता ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली.

मग अनारकान एजे उठली. या वेळी मान खाली नव्हती. जुलैत गावाने अकरा माणसं पुरली होती, त्यांची नावं तिने एकेक करून वाचली. मागून कुणीतरी ओरडलं की मेलेल्यांना कशाला मध्ये आणता, आणि शार्शेनही म्हणाले, “सूनबाई, बस आता. पुस्तकातला रोग पुस्तकात ठेव.”

ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, “शार्शेन, जूनमध्ये तुम्ही आपल्या सत्तरीच्या जेवणाला तीनशे पानं मांडलीत. जुलैत माझी मोठी जाऊ गेली. हे पुस्तकात नाही.”

 नाव घेतलं, तेही नुसतं, आणि भर सभेत बायकोच्या मरणाचा बोल लावला. यातलं काय जास्त वाईट ते मला आजही सांगता येत नाही. शार्शेननी टोपी नीट केली, काठी उचलली आणि ते निघून गेले. सह्यांचा कागद कोराच राहिला. शाळा बंद राहिली, म्हणजे जिंकली तीच. पण त्या दिवसापासून विहिरीवर तिच्याशी कुणी बोलेना.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. नर्सने चौदा दिवस घराबाहेर पडू नको म्हणून सांगितलं. एजेने स्वतःच फाटकाला लाल फडकं बांधलं आणि शाळेच्या ग्रुपवर निरोप टाकला की विचारपूस करायला कुणीही येऊ नये. आमच्यात आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर सात पिढ्या बोलून दाखवतात. एरवी अंगण माणसांनी भरलं असतं. पण रागावलेल्या गावाला आयतंच निमित्त मिळालं. तीच म्हणाली ना येऊ नका, मग नाही येत, असं म्हणून सगळे निवांत घरी बसले.

मी शाळेजवळ, गावाच्या खालच्या टोकाला राहते. एक दिवसाआड सूप आणि रोटी नेऊन तिच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची. माणुसकी म्हणून, माया म्हणून नव्हे. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर मूठभर सुकं दही तरी घालतात. तिचं भांडं साबणाने लख्ख धुतलेलं, रिकामं परत यायचं. आजारी घरातली वस्तू बाहेर जाऊ नये म्हणून. मला कळत होतं, तरी रिकामं भांडं घरी नेताना जीव खट्टू व्हायचा.

तेवढ्यातही ती फोनवर धडे पाठवत होती. आठवीच्या तेवीस मुलांपैकी तिघांनी ऐकले, असं तिने दाराआडून मला सांगितलं. सकाळी काठीने फाटक ढकलून गाय कळपात सोडायची, संध्याकाळी गाय आपली आपण परत यायची. दिवसभरात तिच्याकडे येणारं तेवढं एकच कुणीतरी. गाईशी ती इतकं बोलायची की रस्त्यावर ऐकू यायचं.

पाचव्या दिवशी मी सूप घेऊन गेले, तर फाटकासमोर शार्शेन घोड्यावर बसलेले. मी कोपऱ्यावरच थांबले. फाटकाच्या फटीतून एजे दिसत होती. मान खाली, हात पोटाशी, जरा बाजूला वळलेली. दिराशी आपण होऊन बोलायचं नाही, ही रीत. लाल फडकं असताना माणसाला फाटक उघडायचं नाही, हा तिचाच नियम. आणि फाटक न उघडणाऱ्या घरासमोर तोंड उघडायचं नाही, हा म्हाताऱ्याचा मान. चहा उकळून खाली उतरेल एवढा वेळ दोघं तशीच राहिली. मग त्यांनी घोडा वळवला.

मी पुढे गेले तेव्हा ती अजून तशीच उभी होती. मला म्हणाली, “कशाला आले असतील गं?”

“विचारायचं होतं की.”

“मी कशी विचारणार?”

“सभेत बोललात तसं,” मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे.  ती हळू आवाजात म्हणाली, “बाक्तीगुल, ते माझ्यावर राजी आहेत की नाहीत, एवढंच मला कळायला हवं. बाकी गाव बोलू दे नाही तर न बोलू दे. तू जाऊन विचारशील?”

मरण्याआधी एकमेकांकडून ‘राजी आहे’ असं ऐकून घेण्यावर आमच्याकडे फार भर. कुणाच्या मनात अढी ठेवून माणूस मातीत जाऊ नये. तिला वाटत होतं की जाणारी ती आहे. तिला दम लागत होता, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

जाते म्हणाले, आणि तीन दिवस गेले नाही. बटाटे काढायचे होते. खरं सांगायचं तर रागही होता.

गेले तेव्हा शार्शेन अंथरुणाला लागलेले. त्यांच्या सुनेने मला खिडकीपाशी उभं केलं. ते धाप टाकत बोलले, पण शब्द स्पष्ट होते. “तिला सांग, ती खरं तेच बोलली. ते जेवण मी घालायला नको होतं. तेच सांगायला गेलो होतो, पण फाटकापाशी जीभ वळेना. मी राजी आहे, तिनंही राजी व्हावं. आणि नाव घेतलं ते घेतलं, आता लपवू नको म्हणावं. एकदा आपल्या अंगणातून नाव घेऊन हाक मार म्हणावं. मी ऐकेन. पण हे फोनवर नको हं. फोनवरचं राजी होणं खरं नसतं. तिच्या दारात जाऊन सांग.”

मी शब्द दिला. तिथून निघाले, तिच्या घराकडे वळले आणि थांबले. दोन्ही घरांत दोनशे पावलांचं अंतर. पण एजेनेच शाळेच्या ग्रुपवर सांगितलं होतं की एक आजारी घर बघून आलेल्याने दुसऱ्या घरी जाऊ नये, आधी आपल्या घरात बसावं. तिची छाती आधीच भरलेली. अख्ख्या साथीत मी तिचा एकही नियम पाळला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा पाळला, आणि घरी जाऊन बसले.

रात्री तिचा फोन आला. जाऊन आलीस का, तिने विचारलं. हो म्हणाले. काय म्हणाले? मी म्हणाले, “भेटल्यावर सांगते.”

 ती “समजलं” म्हणाली आणि फोन ठेवला. तिला काय समजलं ते मलाही समजलं. चांगली बातमी कुणी भेटीसाठी राखून ठेवत नाही. मी लगेच उलट फोन करून नुसतं ‘घाबरू नका’ एवढं म्हणायला हवं होतं. केला नाही. म्हाताऱ्याला शब्द दिला होता, हे एक. आणि वाट बघत बसणं म्हणजे काय असतं ते तिलाही कळू दे, असं माझ्या मनात आलं. ते आलं होतं, ते मी नाकारणार नाही.

चौथ्या दिवशी पहाटे शार्शेन गेले.

त्यांच्या अंगणात शोकाचा, लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला. घरच्या बायका आत बसून विलाप करायला लागल्या. धाकट्या भावाची बायको म्हणून एजेची जागा त्यांच्यात, भिंतीकडे तोंड करून. माणसं लाल फडक्यावरून नजर वळवून पुढे जात होती. येते की नाही, एवढंच जो तो बघत होता. घरात बसायचा नियम सोडून, तंबूत जाण्याआधी मी तिच्या फाटकापाशी गेले. ती आत उभी होती, काळा रुमाल बांधून, जायला निघाल्यासारखी. पण तिने कडी काढली नव्हती. तंबूत म्हाताऱ्या बसल्या आहेत, ती म्हणाली, मी कशी जाऊ.

मग मी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. कोणत्या दिवशी निरोप दिला होता, तेही सांगितलं. ती मला बोलेल म्हणून मी थांबले.  अंगणातलं बाक तिने कुंपणापाशी ओढलं, त्यावर चढली आणि थोरल्या घराकडे तोंड केलं. पहिल्यांदा तोंडातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा “थोरल्या घर...” एवढं निघालं आणि तिने ते गिळलं. मग भिंतीला दोन्ही हातांनी धरून तिने हाक मारली.

“शार्शेन!”

रस्त्यावरची माणसं थांबली. कुणीही तिला नाव ठेवलं नाही.

ती बाकावरून उतरली. श्वास जागेवर यायला तिला वेळ लागला. मला म्हणाली, “ऐकू गेलं असेल का गं?”

“गेलं असेल, एजे.”

“नाही,” ती म्हणाली. “वारा तिकडून इकडे येतोय. त्यांचं रडणं मला इथे ऐकू येतंय.”

मग ती घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. चौदा दिवस पुरे व्हायला अजून दोन दिवस होते.