मुळाने धरलेला दगड

माझ्या थोरल्या भावाने आठ वर्षांत एक झाड घडवलं आणि त्याच आठ वर्षांत आमची मागची भिंत पाडली. झाड सगळ्यांनी पाहिलं. भिंतीचं मात्र त्याच्या एकट्याच्याच पोटात होतं.

दादा एका बांधकाम कचेरीत नकाशे काढायचा. तिथे त्याला 'मापपट्टी' म्हणत आणि त्याला ते नाव आवडायचं. आमच्याकडे जेवायला बसला तरी आधी ताट टेबलाच्या कडेशी नीट समांतर आहे ना ते बघणार. तीस वर्षांत आपली एकही रेघ कुणाला खोडावी लागली नाही, हे तो दर भेटीत एकदा तरी ऐकवायचा. वहिनी गेली, नोकरी संपत आली आणि त्याला बोन्सायचं वेड लागलं. रोपवाटिकेतली बारकी रोपं त्याच्या डोळ्यांत भरत नसत. त्याला हवं होतं कुणाच्या तरी बागेत म्हातारं झालेलं झुडूप, मुळासकट उकरून आणलेलं. "बुंधा जाड व्हायला वर्षं लागतात," तो म्हणायचा. "ती दुसऱ्याच्या बागेत गेलेली असली की आपली वाचतात."

दुसऱ्याची बाग म्हणजे अर्थातच बहिणीची.

आमचं घर उतारावर आहे. मागे लांबट अंगण आणि अंगण संपतं तिथे दोन पुरुष उंच, चुन्यात बांधलेली जुनी दगडी भिंत. वरच्या घराची सगळी माती तिच्यावर रेललेली. तिच्या पायथ्याशी एक बोगनवेल होती, माझ्या लग्नाच्याही आधीची, बुंधा मांडीएवढा. तिच्या काट्यांना आणि कचऱ्याला मी विटले होते. दादाने मागितली तेव्हा म्हटलं, "ने बाबा, सुटले मी." सासूबाईंनी एवढंच विचारलं की झुडूप गेल्यावर ऊन जास्त येईल ना. सकाळी दहा ते बारा त्या भिंतीवर ऊन असायचं. त्यांची वेताची खुर्ची तिथेच, भिंतीला टेकून. दगड तापले की त्यांच्या पाठीला आणि गुडघ्यांना बरं वाटायचं.

पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. आम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलो होतो तेव्हा दादाने एकट्याने खणलं. एक मनगटाएवढं मूळ भिंतीखाली शिरलं होतं आणि त्याने सगळ्यात खालच्या थरातल्या एका दगडाला घट्ट विळखा घातला होता. कुठल्याही माळ्याने ते मूळ करवतीने कापलं असतं आणि संध्याकाळी घर गाठलं असतं. पण दादाला भुरळ पडली. दगड धरून बसलेलं मूळ म्हणजे बोन्सायवाल्यांचं सोनं. ते मुद्दाम करायला वीस-वीस वर्षं लागतात आणि इथे ते आयतं. त्याने पहार घातली आणि मुळासकट दगड बाहेर काढला. मोकळ्या जागेत चार विटा आणि चिखल कोंबला, वरून माती सारखी केली. खालच्या थरातला दगड काढला की भिंतीचं काय होतं, हे ज्याने जन्मभर कागदावर काढलं, त्याने स्वतःला सांगितलं, बसेल सगळं हळूहळू.

आम्ही परत आलो तेव्हा झुडूप गोणपाटात गुंडाळून गेलेलं होतं. अंगण कसं स्वच्छ दिसत होतं. मी त्याला फोन करून शाबासकीही दिली.

त्याने झाड गुडघ्याएवढं छाटलं, लाकडी खोक्यात जाड वाळूत लावलं आणि वर प्लास्टिक घातलं. दीड महिना नुसता खुंट. मग एके दिवशी तीन लाल कोंब फुटले आणि त्याने मला ऑफिसात फोन करून सांगितलं, जसं काही बाळंतपणच पार पडलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याने झाडाला हातही लावला नाही. वाढू दिलं. त्याच वर्षी आमच्या भिंतीला खालून वर जाणारा एक तडा गेला, दोरा ठेवावा एवढा.

मला तो दिसलाच नाही. दादाला दिसला. पुढच्या खेपेला तो बोटभर रुंदीची काचेची पट्टी घेऊन आला आणि सिमेंटच्या दोन ठिपक्यांनी ती तड्यावर आडवी चिकटवली. बांधकामावरच्या लोकांची ही जुनी रीत. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. आम्हाला म्हणाला, हवेतला ओलावा मोजतोय, झाडासाठी. मापपट्टी काहीही मोजू शकते यावर आमचा विश्वास होता, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. उरलेलं सिमेंट एका डब्यात मागच्या खिडकीत राहिलं.

तिसऱ्या वर्षी त्याने फांद्यांना तारा गुंडाळून त्या खाली वाकवल्या. तार वेळेवर काढली नाही तर सालीत रुतते, म्हणून दर आठवड्याला भिंग घेऊन बघायचा. चौथ्या वर्षी बुंधा आणखी खाली कापला. पाचव्या वर्षी झाड उथळ कुंडीत आलं, मूळ आणि दगड उघडे ठेवून. आणि या सगळ्या काळात आमच्याकडे आला की चहाच्या आधी तो मागे जायचा. परत यायचा तेव्हा कधीकधी चेहरा पांढराफटक पडलेला असे. मी म्हणायचे, रक्तदाब तपासून घे.

सासूबाईंना तिथून हलवायला त्याने नाही नाही त्या युक्त्या केल्या. पुढच्या ओसरीत ठेवायला गादीची खुर्ची आणली. डास आहेत म्हणाला. एकदा तर साप पाहिला म्हणाला.

"साप शहाणा असेल," सासूबाई म्हणाल्या. "मला बघून तोच दुसरीकडे बसेल."

लग्नाच्या दिवसापासून त्या त्याला अरे-तुरे करायच्या आणि तो त्यांना मावशी म्हणायचा. जीव होता दोघांचा एकमेकांवर. मला वाटायचं, वहिनी गेल्यापासून हा मायाळू झालाय. सगळं आणून दिलं त्याने, छत्री, गादी, गुडघ्यांचं तेल. एक वाक्य तेवढं दिलं नाही.

सहाव्या वर्षापासून त्याचा चेहरा निवळला. मागे जाऊन यायचा आणि दोन कप चहा प्यायचा. झाडाला फुलं आली होती, आणि भिंतीवरची काच शाबूत होती.

आठव्या वर्षी प्रदर्शनात त्याच्या झाडाला पहिलं बक्षीस मिळालं. मी गेले होते. परीक्षक गुडघ्यांवर बसून ते मूळ आणि तो दगड बघत होते. एकाने विचारलं, हा दगड आणलात कुठून? दादा म्हणाला, झाडाबरोबरच मिळाला.

त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, भिंत खाली आली. पाऊस नाही, वारा नाही. मी स्वयंपाकघरात होते. ट्रकभर खडी ओतल्यासारखा आवाज झाला आणि खिडकी धुळीने भरून गेली. सासूबाई खुर्चीत होत्या. वरची माती दुसऱ्या अंगाला घसरली म्हणून त्या वाचल्या. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौथ्या दिवशी दादा हॉस्पिटलात आला. कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला आणि सगळं बोलला, पहारीपासून काचेपर्यंत, खाली मान घालून. आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सख्ख्या भावाच्या थोबाडीत मारावी असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

"पण काच शाबूत होती, मावशी," दादा म्हणाला. "दोन वर्षं फुटली नव्हती. भिंत थांबली असंच मला वाटलं. फुटली असती तर मी बोललो असतो."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती पट्टी? अरे, ती मी बदलत होते."

दादाने मान वर केली.

"फुटली की तुझा चेहरा उतरायचा आणि तू नवी लावायचास. मला बघवेना. म्हटलं, झाडाचं काहीतरी बिनसतंय याचं. फ्रेमवाल्याकडून पट्ट्या कापून आणल्या, तू ठेवलेल्या सिमेंटने लावत गेले. चार लावल्या असतील." त्यांनी पांघरुणावरून हात फिरवला, जिथे पाय संपत होता तिथपर्यंत. "म्हणजे मीच केलं म्हणायचं हे."

कपबशीचा तुटलेला कानसुद्धा त्याच चिकटवायच्या आमच्या घरात. मला रडू फुटलं. आणि रडता रडता मी दादाकडे पाहिलं. त्याचे खांदे सैल झाले होते. सुटल्यासारखा दिसत होता तो. ते मी कधी विसरणार नाही.

"तसं नाही मावशी, तुम्हाला काय माहीत असणार," तो म्हणाला, अगदी समजूत घातल्यासारखा.

"आईंनी बदलायला लागायच्या आधी," मी विचारलं, "तुझ्यासमोर किती फुटल्या?"

त्याने पांघरुणाची कड कॉटच्या दांडीशी समांतर ओढली.

"दादा, किती?"

"पाच," तो म्हणाला.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपल्या. मग त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं, "अरे, एकदा सांगायचंस. मी खुर्ची हलवली असती."