रेफरल काउंटरवरची फौज

फौजेत सतरा वर्षं क्लार्की केली, पण सांगण्यासारखे किस्से मोजून दोन! आणि जालन्यात माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकच्या काउंटरवर बसलो, तर पहिल्याच महिन्यात डोकं भरून गेलं. कारण आमच्याकडं माणूस एकटा येतच नाही. सोबत फाईल आणतो, बायको आणतो, आणि तिसऱ्याच कोणाची तरी गोष्ट आणतो. फाईल मी कपाटात ठेवतो. गोष्टी कुठं ठेवायच्या, सांगा!

* * *

सगळ्यात जास्त भांडणं एकाच शब्दावरून, रेफरल! मोठ्या हॉस्पिटलात आमच्या योजनेतून उपचार होतात, पण आधी इथं डॉक्टर मॅडमनी तपासायचं, चिठ्ठी द्यायची, मगच पुढं जायचं.

आष्टीचे नायक बाबुराव हे ऐकूनच तापले. छातीत दुखायचं म्हणून आल्ते. "सरहद्दीवर जाताना कुणी चिठ्ठी मागली न्हाई, आन् दवाखान्यात जायला चिठ्ठी?"

मी म्हणालो, "बाबुराव, छावणीतून बाजारात जायला आउटपास लागायचा की नाही?"

"लागायचा."

"हा तोच. आउटपास!"

माणूस एकदम शांत! मॅडमनी तपासलं, चिठ्ठी दिली, बाबुराव गेले. दोन आठवड्यांनी दारात हजर. टाचा जुळवून, छाती पुढं काढून उभे.

"साहेब, आउटपासवरून परत आलो! जाताना एकटा गेल्तो, येताना दोन स्टेंट घेऊन आलो!"

* * *

नवीन कार्डासाठी फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, 'अवलंबून असलेल्या व्यक्तींची नावं'. बायको, नोकरीला न लागलेली मुलं, उत्पन्न नसलेले आईवडील, अशी नावं येतात.

एका हवालदारानं फॉर्म आणून दिला. त्या रकान्यात पहिलंच नाव त्याचं स्वतःचं!

"अहो, हे काय? कार्ड तुमच्यामुळं निघतंय. तुमच्यावर कोण अवलंबून आहे ते लिहायचं."

त्यानं मागं बाकावर बसलेल्या बायकोकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. "साहेब, खोटं कसं लिहू? रिटायर झाल्यापासून चहासुद्धा तिला विचारून पितो!"

बायको तिथूनच म्हणाली, "साखर बंद केलीय त्यांची. तेबी लिहून घ्या!"

* * *

कुंभार पिंपळगावच्या एक आजी. नवरा शिपाई होता, वारला. योजनेत विधवेलाही उपचार मिळतात, म्हणून मुलगी त्यांना घेऊन आली. पण आधार कार्डावर नाव लक्ष्मीबाई, आणि फौजेच्या कागदात 'लछमी देवी'! तिकडच्या कोण्या हिंदी क्लार्कनं ऐकलं तसं लिहून टाकलेलं. आता दोन्ही बाया एकच, याचा पुरावा पाहिजे. प्रतिज्ञापत्र आलं, फोटो आले, पत्रं गेली. आजींना तीन चकरा झाल्या. मलाच कसंनुसं व्हायला लागलं.

शेवटी कार्ड आलं! मी स्वतः उठून त्यांच्या हातात दिलं. म्हणालो, "आजी, नावाचा लई त्रास झाला तुम्हाला."

आजी हसल्या. "आरं बाबा, माहेरी मी गोदावरी. सासरी लक्ष्मी. आन् फौजेत लछमी देवी! तीन बारशी झाली, पर मला घुगऱ्या एकदाबी मिळाल्या न्हाईत!"

पुढच्या वेळी आजी गोळ्या न्यायला आल्या, तेव्हा आमच्या फार्मासिस्ट ताईंनी डब्यातून घुगऱ्या आणल्या. आजींनी आधी गोळ्या मोजून घेतल्या, मग डबा उघडला.

* * *

खान साहेब म्हणजे रिटायर्ड ड्रायव्हर. महिन्याच्या गोळ्या घ्यायला न चुकता येणार. एकदा बीपी भलताच चढलेला निघाला. मॅडम घाबरल्या. दहा मिनिटं बसवलं, पुन्हा पाहिलं, तेवढाच! मॅडम लगेच रेफरल लिहायला बसल्या.

माझं लक्ष गेलं, खान साहेब बाकावर बसले आहेत, पण पाठ काठीसारखी ताठ! हात मांडीवर, नजर समोर.

मी जवळ गेलो. "खान साहेब, काय होतंय?"

ओठ न हलवता म्हणाले, "सामने देखो. हमारे सुभेदार साहब बैठे हैं."

समोर खरंच एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे पेपर वाचत बसलेले!

"अहो, रिटायर होऊन वीस वर्षं झाली तुम्हाला!"

"उन को मालूम है क्या? पहले उन को अंदर भेजो, फिर मेरा बीपी देखो!"

सुभेदार साहेब तपासून, गोळ्या घेऊन, रिक्षात बसून गेले. मॅडमनी पुन्हा पट्टा बांधला. बीपी एकदम बराबर!

* * *

आता पिंपळगाव रेणुकाईच्या रावसाहेबांचं सांगतो. अठ्ठावीस वर्षं नोकरी, हवालदार म्हणून रिटायर. एकदा रेफरल न घेता परस्पर गुडघा दाखवून आले, तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं. "यापुढं आमच्या चिठ्ठीशिवाय हलायचं नाही!" रावसाहेबांनी मान डोलावली. मीही विसरून गेलो.

एका सकाळी फोन. "साहेब, रावसाहेब बोलून राह्यलो. मंडळीच्या छातीत लई दुखतंय. घाम सुटलाय. जीपमधून जालन्याला येऊन राह्यलो. तुम्ही चिठ्ठी तयार ठेवा."

मी विचारलं, "कुठं आहात?"

"भोकरदनमध्ये."

तिथून जालना म्हणजे तासाच्या वरचा रस्ता! मी ओरडलोच. "रावसाहेब, चिठ्ठी मरू द्या! जिवावर बेतलं तर जवळच्या कोणत्याही हॉस्पिटलात न्यायचं. आम्हाला दोन दिवसांत कळवलं तरी चालतं!"

"पर तुम्हीच म्हन्ले व्हते..."

"मी चुकलो! आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या. ही ऑर्डर आहे!"

"जी साहेब!" फोन कट.

पुढचे दोन तास मी काउंटरवर होतो, पण कोण आलं, कोण गेलं, काही आठवत नाही. एकच डोक्यात, माझ्या झापण्यापायी त्या बाईचा जीव गेला तर? शेवटी मॅडमनीच फोन लावला. हार्ट अटॅक होता. भोकरदनच्या डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले होते, धोका टळला होता. मी मागं जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडायच्या आधीच रावसाहेब गेटवर. रात्रभर जागलेले डोळे, हातात वहीचा कागद. त्यावर लिहिलेलं, 'पत्नीस दाखल केले. प्रकृती ठीक. कळविण्यास हजर आहे.' त्याच दुपारी मी भिंतीवरच्या सूचनेखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इमर्जन्सीत आधी हॉस्पिटल, मग आम्ही!'

महिन्याभरानं दोघं गोळ्या न्यायला आले. मी वहिनींना खुर्ची दिली आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी रावसाहेबांनी माझी ऑर्डर लगेच मानली म्हणून बरं झालं!"

वहिनींनी पदर सावरला. रावसाहेबांकडं एकदा पाहिलं, मग माझ्याकडं.

"भाऊ, हे फोनवर तुमच्याशी बोलून राह्यले व्हते ना, तवा ह्यांना ठाऊकबी न्हाई, पर जीप भोकरदनच्या हॉस्पिटलच्या दारात उभी व्हती. ऑर्डर मी पंधरा मिन्टं आधीच ड्रायव्हरला देल्ती!"