फोटोकाकांचं अंगण

आमच्या शेजारी फोटोकाका राहतात. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गल्लीतल्या बहुतेक घरांच्या भिंतीवर त्यांच्या हातचा एक तरी फोटो आहे. दुकानात त्यांचा एक नियम होता. फोटो आवडला नाही असं गिऱ्हाईक म्हणालं, की ते त्याच्यासमोर निगेटिव्ह कात्रीने कापायचे आणि तुकडे त्याच्याच हातावर ठेवायचे. "घ्या, तुम्ही सुटलात आणि मीही." मागून काकू कुरकुरायच्या, "कापा कापा, उद्या संसारही कापा!"

काकू आता काकांना ओळखत नाहीत. कधी 'दादा' म्हणतात, कधी 'डॉक्टर'. दिवसभर घरात येरझारा घालतात. शांत व्हायच्या त्या फक्त सकाळी, अंगणातल्या खुर्चीत. काका केस विंचरायचे आणि त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायच्या. माझी मुलगी कॉलेजात आहे, तरी तिला रोज विचारायच्या, "शाळेत चाललीस का गं?" तीही शहाण्यासारखं "हो काकू" म्हणायची.

समोरच्या साहेबांनी चोरीच्या भीतीने दारावर कॅमेरा बसवला. मुलीला यायला जरा उशीर झाला की माझा जीव टांगणीला लागतो, त्यामुळे मला बरंच वाटलं. त्यात काकांचं अंगणही दिसतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

एका सकाळी काका टॉवेल आणायला आत गेले. काकूंना उकडत असावं. त्यांनी गाऊन काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि फाटक उघडून रस्त्यावर आल्या. काका धावत आले, स्वतःचा शर्ट काढून त्यांच्याभोवती गुंडाळला आणि त्यांना आत नेलं.

साहेबांनी ते दृश्य गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. "काकूंकडे सगळ्यांनी लक्ष ठेवा. फाटक उघडं दिसलं तर लावून घ्या." मनात वाईट काहीच नव्हतं. खाली कुणीतरी हसरा चेहरा टाकला.

दूधवाल्याकडून काकांना कळलं. ते तसेच साहेबांच्या दारात गेले.

"साहेब, मूळचं मला द्या."

"मूळचं म्हणजे, काका?"

"निगेटिव्ह हो. तुमच्यात त्याला जे म्हणत असतील ते."

साहेब ओशाळले. त्यांनी काकांसमोर ते पुसलं, कॅमेराही स्वतःच्या फाटकाकडे वळवला. काका थेट आमच्याकडे आले. "झालं काम, ताई. मूळच गेलं. आता ती कुठेच नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आई, तू सांग."

मी सांगितलं. ग्रुपवर आलेलं ज्याच्या त्याच्या फोनमध्ये वेगळं राहतं. तिथून कुणी पुढे पाठवलं असेल, तर तेही वेगळंच.

"म्हणजे प्रिंटा निघाल्या?"

"हो काका."

"किती?"

मी ग्रुपमधली नावं मोजायला लागले. काका पायरीवरच बसले.

मग काका घरोघर फिरले. "आमच्या हिचं काही तुमच्या फोनमध्ये असेल तर काढून टाका." कुणी समोर काढलं, कुणी केव्हाच काढलं म्हणालं. एक जण म्हणाला, "काका, आता कोण बघतंय ते? आणि या वयात कसली लाज!"

"ती लाजत नाही रे बाबा आता," काका म्हणाले. "म्हणून मला लाजावं लागतं."

तेव्हापासून अंगण रिकामं आहे. न राहवून काल मी मागच्या दाराने त्यांच्याकडे गेले. काका अंगणाच्या दाराला पाठ लावून उभे होते आणि काकू त्यांच्या बाहीला धरून ओढत होत्या. "दादा, उघडा ना. मी काही केलं नाही हो."

"काका, कॅमेरा वळवलाय ना आता. मी बसते त्यांच्यापाशी. नजर हलू देणार नाही."

"तू बसशील गं. पण रस्त्याने जाणारा तिच्याकडे बघेल, तेव्हा त्याला काय आठवेल? ते कुणाकडून पुसून घेऊ?"

काकू रडायला लागल्या. काकांनी त्यांचे डोळे पुसले. "उद्या हं. उद्या नक्की जाऊ." त्या लगेच शांत झाल्या, लहान मुलासारख्या.

माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "रोज हेच सांगतो. तिच्या लक्षात राहत नाही, म्हणून निभतंय."