सगळ्या पट्ट्या काढून टाका

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत, मार खाल्लेली माणसं फोटोसाठी यायची. फुटलेली डोकी, दातांनी तोडलेले कान, इस्त्रीने भाजलेल्या पाठी. सव्वीस वर्षं हे फोटो एकाच माणसाने काढले. जखमेशेजारी मोजपट्टी ठेवल्याशिवाय त्यांचं बोट बटणावर जात नसे, म्हणून सगळे त्यांना पट्टीकाका म्हणत. पट्टी पांढरी, आणि ती फोटोच्या अगदी कडेला, काटेकोर सरळ. मधोमध पट्टी टाकणारे लोक काकांना गबाळे वाटत. "कधीतरी टॉवेल वाकडा वाळत घाला हो," असं बायको वैतागून म्हणायची.

काकांनी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. "माणूस साक्ष फिरवतो, मिलिमीटर फिरवत नाही," एवढंच ते म्हणत.

एका दुपारी बेकरीत काम करणारी एक बाई आली. तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. त्याने केस धरून तिला भिंतीशी दाबलं आणि कपाळावर लोखंडी पाना घातला. एकदा नाही, तीनदा. कपाळ असं उघडलं होतं की आतलं हाड दिसत होतं. रक्त भुवईवरून तोंडात जात होतं आणि ती थुंकत थुंकत विचारत होती, "काका, एवढं पुरे होईल ना?"

"पुरून उरेल," काका म्हणाले.

नवरा म्हणत होता, बाई घसरून टेबलावर आपटली. पण पोलिसांनी जप्त केलेल्या पान्याचं तोंड बावीस मिलिमीटरचं होतं, आणि काकांच्या फोटोत प्रत्येक जखम बावीसची. सगळा खटला त्या मापावर उभा होता.

मध्येच रुग्णालयाच्या साहेबांना टापटिपीची हुक्की आली. फोटो छापून, स्कॅन करून संगणकात ठेवले जात. मूळ कागद रद्दीत. "काका, सगळ्या फोटोंना कडेने पांढऱ्या पट्ट्या राहिल्यात. घाण दिसतं," साहेब म्हणाले. "सगळ्या पट्ट्या काढून टाका."

फोटो नऊ हजार. एकेक कापायला बसले असते तर काकांची हाडं तिथेच मोजावी लागली असती. म्हणून त्यांनी एक प्रोग्राम लावला. पांढरी कड दिसली की तो आपोआप कापायचा, आणि जुन्याच फोटोवर नवा जपून ठेवायचा. कडेला डाग, रेघा असल्या तरी ती कडच समजायची, हेही काकांनीच त्याला सांगितलं. पहिले दहा फोटो तपासले. झकास निघाले. ते दहा आधीच्या फोटोग्राफरचे, पट्टी मधोमध टाकणाऱ्या गबाळ्याचे होते. काकांनी बटण दाबलं आणि चहा प्यायला गेले.

आता पट्टी म्हणजे कागदाची रिकामी कड, हे साहेबांना ठाऊक, काकांना ठाऊक. यंत्राला कोण सांगणार?

कोर्टात फोटो पडद्यावर आला. कपाळ होतं, जखमा होत्या, माप नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर 'सुमारे' लिहून हात झटकले होते.

"पट्टी मी ठेवली होती," पिंजऱ्यात उभे काका म्हणाले.

"मग ती काढली कुणी?" नवऱ्याच्या वकिलाने विचारलं.

"मीच."

"साक्षीदाराला पट्टी पढवलेली दिसते," वकील म्हणाला, "फोटोत मात्र ती नाही." लोक हसले. बाई हसली नाही.

नवरा सुटला. बाहेरच्या जिन्यावर त्याने काकांच्या पाठीवर थाप मारली. "उपकार झाले, काका."

काकांनी त्याचा गळाच धरला. दोन्ही अंगठे आत रुतवले. सव्वीस वर्षांत पाहिलेल्या सगळ्या फुटलेल्या डोक्यांचा हिशेब त्यांना त्या क्षणी चुकता करायचा होता. गॅरेजवाल्याने डोकं मागे घेऊन काकांच्या नाकावर हाणलं. हाड कडकन मोडलं. पायऱ्यांवर पडलेल्या म्हाताऱ्याच्या बरगडीत त्याने दोन लाथाही घातल्या, तेव्हा कुठे शिपाई धावले. काकांना लाथांचं काही वाटलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

तिसऱ्या आठवड्यात काका कामावर परतले, आणि त्याच दिवशी स्ट्रेचरवरून ती बेकरीतली बाई आली. दोन्ही मनगटं पिचलेली, ओठ फाटलेला, एक डोळा बंद. काकांनी कॅमेरा उचलला. तिने मान भिंतीकडे वळवली.

"नको, काका," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही फोटो काढलात, आणि नवरा घरी आला."