डाव्या सीटवरची आई

आई आज सकाळी गेली.

लायसन्स नसताना तिने वर्षानुवर्षं गाडी चालवली, आणि मला ते सांगायला जराही संकोच वाटत नाही.

अर्धी गाडी, खरं तर. क्लच, ब्रेक, स्टिअरिंग बाबांकडे. गिअर तिच्याकडे.

ऐंशीच्या दशकातलं रत्नागिरी. मी प्राथमिक शाळेत.

बाबांची एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार होती. दोनच सीट, वर छप्पर नाही. रोज संध्याकाळी ते एकटेच मांडवीला चक्कर मारून यायचे. आई घरात.

मग गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही संपले. पार्ट्स मिळेनात. गॅरेजात अँबॅसिडरचं इंजिन बसवायचं ठरलं.

आणि त्याच सीझनला बाबा आंबे काढताना कलमावरून पडले. डावा हात कायमचा लुळा झाला.

"विकून टाकू गाडी," म्हणाले. त्यानंतर ते ओटीवरून उठेनासेच झाले.

आईने त्यांना रिक्षात घातलं आणि गॅरेजात नेलं. मीही होते.

मेकॅनिक दत्तूदादा म्हणाले, "वैनी, अँबॅसिडरच्या इंजिनाला अँबॅसिडरचाच गिअरबॉक्स. जन्माची जोडी. चार गिअर, दांडा स्टिअरिंगला. उजव्या हातानेपण पडेल."

"आणि दांडा खाली, मधे असतो तो?"

"तो जुन्या जीपचा पडलाय एक. तीनच गिअर. या इंजिनाला नाय बसत, मधे प्लेट बनवायला लागेल. वर आवाज करील कोकलल्यासारखा."

आई डाव्या सीटवर जाऊन बसली. उजवा हात दोन सीटच्या मधे धरला.

"दांडा इथे यायला हवा. माझ्या हाताला."

"गाडी तुम्ही चालवणार?"

"चालवणार हे. गिअर मी टाकणार."

दत्तूदादा बाबांकडे बघायला लागले. "स्पोर्ट्स कारला जीपचा गिअरबॉक्स. लोक हसतील, वैनी."

"हसू देत. ते येऊन गिअर टाकणार आहेत का?"

तेव्हा कुठे बाबा बोलले. "म्हणजे मला एकट्याला कुठेच जाता येणार नाही."

"नाही," आई म्हणाली. "एकटे खूप फिरलात."

बसला जीपचा गिअरबॉक्स.

पहिल्या दिवशी भाट्याच्या पुलापर्यंतसुद्धा पोचलो नाही. बाबा 'आता' म्हणेपर्यंत आईने दांडा ओढलेला असायचा. आतून नुसती करकर.

"अगो, क्लच तरी दाबू दे."

"मग दाबा लवकर."

मी सीटच्या मागच्या फटीत अंग चोरून बसलेली. हसले तर दोघंही माझ्यावर ओरडायचे.

हळूहळू 'आता' म्हणणं बंद झालं. आईला इंजिनाच्या आवाजावरूनच कळायला लागलं. दोघांचा अबोला असला तरी मालगुंडपर्यंत एक गिअर चुकायचा नाही.

शेजारच्या काकांनी एकदा विचारलंच, "एक गाडी चालवायला दोन माणसं लागतात?"

"नांगराला दोन बैल लागतात," आई म्हणाली. "त्यांना विचारलंत कधी?"

एकदा हवालदाराने अडवलं. "गाडी कोण चालवतंय?"

दोघं एकदम म्हणाले, "मी."

तो बिचारा हातानेच जा म्हणाला.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आज घरी येणारा प्रत्येक जण सांगतोय, माऊलीने जन्मभर नवऱ्याची सेवा केली.

नाही केली.

बाबांना गाडी सोडवत नव्हती आणि तिला घरात बसवत नव्हतं. समोर दोन गिअरबॉक्स होते. तिने त्यातला असा निवडला की तिला घरी ठेवून गाडी हलूच नये.

दया येऊन नवऱ्याच्या शेजारी बसलेली बाई नव्हती ती. तिची जागा तिने मोजून घेतली होती.

तेव्हा कृपा करून खाली कमेंटमध्ये 'त्यागमूर्ती' वगैरे लिहू नका. मी डिलीट करेन.

लिहायचंच असेल तर लिहा, बाई खूप फिरली.

जा, आई. घरचं आम्ही बघतो.