चौथा लॉक

उद्यमनगरात विरूपाक्षचं शेड कुठं म्हणून विचारलं, तर लोक आधी हसतात आणि मग पत्ता सांगतात. पन्नाशी ओलांडली तरी हा माणूस एका जागी बसलेला कुणी पाहिलेला नाही. पायाला भिंगरी बांधूनच जन्मला, असं त्याची आई शिवम्मा सांगते. एका जेवणात दोनदा उठतो. लग्नाला गेला तर अक्षता पडायच्या आत नवरदेवाच्या गाडीखाली वाकून बघून येतो. पण गाडी उंच करून, मोठी चाकं चढवून डोंगरात घालणारे सगळे शेवटी त्याच्याच दारात येतात. गाडी उचलली की इंजिनाचा जोर चाकांकडं नेणारा प्रॉपलर शाफ्ट तिरका होतो आणि त्याच्या टोकाचे जॉइंट तुटायला लागतात. तिथं मोठ्या गाडीचे दणकट जॉइंट बसवण्यात विरूपाक्षचा हात धरणारा कोणी नव्हता. आपला जॉइंट आजवर सुटला नाही, याचा त्याला अभिमान होता. नको तेवढाच होता म्हणा ना.

गगनबावड्याकडच्या वाड्यांवरून दूध गोळा करणारा कृष्णात नवरात्रात त्याच्याकडं आला. त्याच्या पिकअपनं पावसाळ्यात पुढचे जॉइंट दोनदा खाल्ले होते. विरूपाक्षनं नवे, जाड जॉइंट घातले. अष्टमीच्या संध्याकाळी काम संपतच आलं होतं. जॉइंटच्या चार टोकांना चार कप असतात आणि कप बाहेर सरकू नये म्हणून प्रत्येकावर एक पोलादी कडी पक्कडीनं दाबून खाचेत बसवतात. त्या कडीला लॉक म्हणतात. विरूपाक्ष गाडीखाली असतानाच शिवम्मा आली. उद्या खंडेनवमी, हत्यारं धुवायची आहेत म्हणत हाताला लागेल ते तिनं परातीत भरून नेलं. त्यात पक्कडही गेली. तेवढ्यात कृष्णात झेंडूचे हार घेऊन हजर झाला आणि गाडी सजवायची म्हणून घाई करायला लागला. त्या गडबडीत गाडी गेली.

खंडेनवमीला हत्यार पुजलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा उद्यमनगराचा कायदाच आहे. त्या दिवशी तिथं लेथ फिरत नाही की घण पडत नाही. सकाळी पाटावर हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं, आरती सुरू झाली आणि विरूपाक्षच्या मनात पाल चुकचुकली. शेवटच्या जॉइंटचे तीन लॉक बसल्याचा टक् आवाज त्याला आठवत होता. चौथ्याचा आठवेना. टाळ्या वाजवता वाजवता तो थांबला. उठून फोन लावला, तर कृष्णातचा फोन लागेना.

डांबरी रस्त्यावर त्या जॉइंटवर फारसा जोर येत नाही. पण कृष्णातच्या वाडीची कच्ची वाट लागली की तो गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून चारही चाकांना जोर देणार. चढावर कप निसटला, तर शाफ्टचं टोक जमिनीत रुतणार आणि गाडी खाली दरीकडं. आणि आज गाडीत तो एकटा नव्हता. रात्री शहरातच पाहुण्यांकडं राहून, सकाळी गाडी पुजून आईला आणि बायकोला घेऊन घरी जाणार, असं त्यानंच सांगितलं होतं.

विरूपाक्षनं पाटावरची पक्कड उचलली. तिच्यावरचं फूल खाली पडलं. शिवम्मानं आरतीचं ताट तसंच हातात धरलं.

"विरूपा, अर्ध्या पूजेतनं हत्यार उचलायचं नस्तं."

त्यानं खणातला एक लॉक खिशात टाकला आणि मोटारसायकलला किक मारली.

कळे गेलं, असळज गेलं. दोन्ही बाजूंनी ऊस मागं पळत होता आणि ह्याचं डोकं त्याच्याही पुढं. बसवला असेल, आपण उगाच निघालो. नसेल बसवला तर? पुढून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं तो बातमी आणणाऱ्याकडं बघावं तसा बघत होता. आपली पत गेली तर जाऊ दे, पण ती माणसं जाऊ नयेत, असं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच मागितलं.

डांबर संपतं तिथल्या छोट्या देवळापाशी पिकअप उभी दिसली. चढाला लागण्याआधी नारळ फोडायचा म्हणून कृष्णातच्या आईनं, धोंडुबाईनं, गाडी थांबवायला लावली होती. विरूपाक्ष पक्कड घेऊन सरळ गाडीखाली शिरायला लागला, तर कृष्णात आडवा आला. पुजलेल्या गाडीला आज हत्यार लावू देणार नाही, काय असेल ते उद्या बघू, म्हणाला. त्याचंही चुकीचं नव्हतं.

धोंडुबाई मागून बोलली, "आरं, इळा बी पुजलाय घरात. म्हणून गोठ्याला आग लागली तर दावं कापायचं न्हाय व्हय?"

कृष्णात बाजूला झाला.

खाली चौथी खाच रिकामी होती. कप अर्धा बाहेर सरकून लोंबत होता. विरूपाक्षनं तो ठोकून आत घातला, लॉक दाबला, टक् ऐकलं, आणि तरी पक्कडीच्या टोकानं तो चारही बाजूंनी रेटून पाहिला. बाहेर आला तेव्हा कृष्णातनं काय होतं म्हणून विचारलं. सहज म्हणता आलं असतं की काही नाही, बघून गेलो. गाडीखाली साक्षीला कोण होतं?

"लॉक ऱ्हायला हुता," विरूपाक्ष म्हणाला. "माझ्याकडनं. तुमी वर गेला असता तर माघारी आला नसता."

कृष्णातनं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. तो शिव्या देईल, असं विरूपाक्षला वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण कृष्णातनं पुढचं दार उघडलं.

"बसा आण्णा. वरपतोर तुमीबी चला."

मोटारसायकल देवळापाशी ठेवून विरूपाक्ष त्याच्या शेजारी बसला. दुरुस्त केलेल्या गाडीत बसून चढ चढायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. मागं दोघी बायका दुधाच्या कॅनना टेकून बसल्या. समोर वाट लाल मातीची, उभी. कृष्णातनं छोट्या दांड्यावर हात ठेवला, पण ओढला नाही.

"घालू का?"

विरूपाक्षला उतरून एकदा, फक्त एकदाच, खाली वाकून बघायचं होतं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"घाला," तो म्हणाला.