दुरुस्तीचा खोका

जुलैचा तिसरा शनिवार, सकाळची शाळा. हजर: मी, शाळेतले दुसरे शिक्षक, चौथीच्या चार मुली, पहिली-दुसरीची अकरा लहानगी. बाकीचे घरच्यांबरोबर भाताच्या लावणीला.

आमची शाळा दोन शिक्षकी, मुरबाड तालुक्यातली, सिद्धगडाच्या बाजूची. निम्मी मुलं खालच्या गावातली, निम्मी वरच्या पाड्यावरची. त्या दिवशी खिचडी शिजेपर्यंत वर्गातली पुस्तकं लावून टाकायची, असं मी ठरवलं होतं. पुस्तकं एकशे बारा. त्यांवर चिकटवायला गोल रंगीत कागद कुठे मिळाले नाहीत, म्हणून धसईच्या बाजारातून कपाळाच्या टिकल्यांची पाकिटं आणली होती. हिरवी टिकली चित्रांच्या पुस्तकाला, पिवळी छोट्या वाक्यांच्या, लाल चौथीच्या.

दुसरे शिक्षक दारातून म्हणाले, "बाई, पुस्तकांचं हळदीकुंकू आहे का? आम्हाला आमंत्रण नाही!"

"तुम्हाला वाण म्हणून डिंकाची बाटली," मी म्हटलं आणि त्यांना कामाला लावलं.

तीन रंगांचे तीन खोके झाले. फाटक्या, उसवलेल्या पुस्तकांसाठी चौथा ठेवला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: दुरुस्ती.

त्यात एक पुस्तक एका मुलीनं हातानं केलेलं होतं. पाड्यावरची ही मुलगी आता चौथीत आहे, त्या दिवशीच्या चौघींतली एक. तिसरीत असताना तिनं कागद दुमडून, गोधडीच्या दोऱ्यानं शिवून ते केलं होतं. नाव 'आयस रानात'. आयस म्हणजे आई. पावसाळ्यात आईबरोबर रानभाज्या आणायला गेली, त्याची गोष्ट, सगळी पेन्सिलीनं, घरी बोलतात तशी लिहिलेली. पाड्यावरच्या पहिलीच्या मुली छापील पुस्तकाला हात लावत नसत, पण हे मात्र दोघी-तिघी डोकी जुळवून मोठ्यानं वाचत. दोरा तुटून पानं सुटली होती. मी वहीत लिहिलं: क्रमांक ८७, शिवण उसवली. खोक्यात टाकलं आणि पुढचं घेतलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मुलांच्या वह्यांत चुकलेल्या शब्दाखाली लाल पेनानं मी हाच शब्द लिहिते. दुरुस्ती. मग तो शब्द पाच वेळा शुद्ध लिहायचा. आमच्या वर्गात या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

शनिवारी तिनं खोक्यातलं आपलं पुस्तक घरी नेलं होतं. सोमवारी ते घेऊन टेबलाशी आली. "बाई, केली दुरुस्ती."

मला वाटलं, दोरा घातला असेल. उघडलं. दोरा तसाच तुटलेला. आतलं सगळं खोडून पुन्हा लिहिलेलं. आधी पहिलं वाक्य होतं, 'आयस रानात चालली, मी पन तिचे मांगं.' आता होतं, 'माझी आई जंगलात गेली. मीसुद्धा तिच्या मागे गेले.' अक्षर सुंदर. शुद्धलेखनाची एक चूक नाही. आधी पानापानावर एकेक भाजी होती, तिचं नाव, ती कुठे सापडते ते. आता सातही पानांवर लिहिलं होतं, 'आईने पालेभाजी तोडली.'

"भाज्यांची नावं कुठं गेली गं?"

"पुस्तकात नाय ना बाई ती नावं."

"कुठल्या पुस्तकात?"

तिनं टेबलावरच्या पाठ्यपुस्तकाकडे बोट दाखवलं.

मी खोक्याचा अर्थ समजावून सांगितला. डिंक, दोरा, शिवण. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग आता परत चुकीचं लिवू?"

बाजूच्या मुली हसल्या, तशी ती जागेवर जाऊन बसली.

मधल्या सुट्टीत पहिलीतल्या एकीनं ते पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि ठेवून दिलं. "ही ती गोष्ट नाय," एवढंच म्हणाली.

शाळा सुटल्यावर मी पानं खिडकीशी धरली. पेन्सिलीचे वळ दिसतात का ते पाहिलं. एका पानावर 'शेवळं' लागलं, दुसऱ्यावर 'कुर्डू'. उरलेल्या पाच पानांवर रबर इतका घासला होता की कागद विरला होता. ते पुस्तक वर्षभर माझ्या वर्गात होतं. मी त्याला क्रमांक दिला, पण नीट वाचलं कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला एकटीला गाठून विचारलं, "उरलेल्या भाज्यांना घरी काय म्हणता?"

"पालेभाजीच बोलतो."

खोटं बोलत होती. नजर जमिनीवर.

पुढच्या आठवड्यात तिची आई दाखल्यासाठी शाळेत आली. तिलाही विचारलं. तिनं आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी बोलाल तेच नाव, बाई. आमचं काय, आमी कसं पन बोलतो."

"मला तेच 'कसं पन' पाहिजे. मला रानात घेऊन चला."

"तुमी? चप्पल ऱ्हाईल चिखलात तुमची!" ती मोकळी हसली. मुलगी हसली नाही. "बघू, लावणी आटपू दे," आई म्हणाली.

खोक्यावरचा कागद मी त्याच दिवशी बदलला. आता तिथं 'शिवायची पुस्तकं' लिहिलं आहे. पुस्तक शिवून झालं. मुलीला मात्र त्यात पुन्हा लिहायला अजून पेन्सील उचलायला लावता आलेलं नाही. लावणी आटपली आहे. भाज्या जून व्हायला लागल्यात. पाच नावं विचारून घ्यायची आहेत, आणि वर कधी येऊ, हे तिच्या आईला अजून विचारलेलं नाही.